१८ पाहुणे, शनिवारची रात्र, माणशी ४०० रुपये: नाशिकमध्ये जेवायला कुठे न्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून नात्यातली १८ माणसं टेम्पो ट्रॅव्हलरने येणार आहेत. त्यात १२ मोठे, २ सत्तरीच्या पुढचे आणि ४ मुलं. दिवसा त्र्यंबकेश्वर, मुक्काम इंदिरानगरला आणि शनिवारी रात्री सगळ्यांचं बाहेर जेवण. दोघी कांदा-लसूण खात नाहीत, चार-पाच जणांना मटण हवंय. फार थाटमाट नको, पण जेवण चांगलं हवं आणि माणशी ४०० च्या वर जायचं नाही. कुठलं हॉटेल?

हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही. उपनगरातल्या हॉटेलात वस्ताद (मुख्य आचारी) बदलला की पाटी तीच राहते आणि चव बदलते, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीची शिफारस आज उपयोगी पडेलच असं नाही. शिवाय चार जणांना उत्तम जेवू घालणारं हॉटेल अठरा जणांना उत्तम जेवू घालेल असंही नसतं. चार जणांसाठी चव बघून हॉटेल निवडतात. अठरा जणांसाठी आधी बघायची ती भट्टी, मग बसायची जागा, मग गाडी कुठे लावायची ते, आणि चव त्यानंतर.

भट्टी का, ते आधी सांगतो. साध्या फॅमिली हॉटेलात एक तंदूर आणि एक तंदूरवाला असतो. एका वेळी दहा-बारा रोट्या लागतात आणि लावण्यापासून काढण्यापर्यंत एका घाण्याला तीन-चार मिनिटं धरा. अठरा जणांना ४५ रोट्या म्हणजे चार घाणे. भट्टी फक्त तुमच्यासाठी असेल तर पंधरा मिनिटांचं काम आहे. पण शनिवारी रात्री नऊ वाजता त्याच भट्टीवर आणखी पंधरा टेबलांच्या रोट्या लागत असतात. मग भाज्या टेबलावर येऊन पडतात, त्यावर तुपाची साय धरते, आणि टेबलाच्या एका टोकाचे लोक जेवून उठायच्या बेताला आलेले असताना दुसऱ्या टोकाला पहिली रोटी पोचते. ‘सर्व्हिस फार स्लो आहे’ अशी जी तक्रार असते, तिच्यात बहुतेक वेळा वेटरचा दोष नसतो, भट्टी अपुरी पडलेली असते. म्हणून दोन तंदूर असलेलं हॉटेल शोधा, नाहीतर गर्दीच्या आधी, साडेसातला बसा. शनिवार-रविवारी नाशिककर घरून निघतातच साडेआठच्या पुढे. साडेसातला बसलेल्या ग्रुपला वेटरही मोकळे मिळतात आणि भट्टीही.

भाकरीचं गणित याहून अवघड. ती एकेक थापली जाते. दोन तव्यांवर दोन बायका असतील तर तासाला चाळीसच्या आसपास भाकरी निघतात, आणि त्या पूर्ण हॉटेलसाठी असतात. पाहुण्यांना पिठलं-भाकरी, भरीत, ठेचा खिलवायचा असेल तर भाकरीचा आकडा आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मात्र सगळ्या एकदम मागवू नका. आधी आठ-दहा, मग लागतील तशा. गार झालेली ज्वारीची भाकरी चिवट होते आणि मग ताटात उरते. भाकरी काठाला चिरलेली, तुटकी येत असेल तर पीठ जुनं आहे, त्याची विरी (चिकटपणा) गेलेली आहे. अशा ठिकाणी रोटीवर भागवावं. हिवाळा असेल तर बाजरीची आहे का ते विचारा.

आता भाग कुठला निवडायचा. माणसं त्र्यंबकेश्वरहून येणार आणि झोपायला इंदिरानगरला जाणार, तर पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गोविंदनगर हाच पट्टा तुमच्या सोयीचा. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडचा शहरातला भाग शनिवारी संध्याकाळी टाळा. तिथे कॅफे आणि नव्या धाटणीची हॉटेलं पुष्कळ आहेत, पण जागा चार-सहा जणांच्या बेताच्या आणि एवढी मोठी गाडी लावायला जागा नाही. बेसमेंटचं पार्किंग टेम्पो ट्रॅव्हलरच्या उपयोगाचं नसतं, कारण उंचीच बसत नाही. मग ड्रायव्हर गाडी घेऊन अर्धा किलोमीटर लांब जातो आणि जेवणानंतर आजी-आजोबा फुटपाथवर उभे राहतात.

त्र्यंबक रोडवर सातपूरच्या बाहेर गार्डन हॉटेलं आणि ढाबे आहेत, पार्किंगही ऐसपैस असतं. वाटेतच जेवून घ्यायचं असेल तर तो पर्याय चांगला आहे. फक्त हंगाम बघा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, आणि उघड्या लॉनवर रात्री साडेआठला म्हातारी माणसं आणि लहान मुलं कुडकुडतात. पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे दिव्यांभोवती किडे एवढे असतात की रश्श्यात पडतात. भर पावसाळ्यात तर ‘गार्डन’ या शब्दाला अर्थच नसतो. आत, छताखाली अठरा जणांची जागा आहे का हे विचारूनच ठरवा. गंगापूर गावापलीकडची वाइनरीची ठिकाणं दिसायला सुंदर आहेत, पण ४०० च्या हिशेबात बसत नाहीत. औरंगाबाद रोडचा विचार असेल तर लग्नाची तिथी तपासा. तिकडे लॉन्स आणि मंगल कार्यालयं ओळीने आहेत, मुहूर्ताच्या संध्याकाळी आडगाव नाक्यापासूनच गाडी मुंगीच्या चालीने सरकते. द्वारका चौकातल्या कोंडीबद्दल नाशिककराला वेगळं सांगायला नको, पाहुण्यांना मात्र सांगा.

ड्रायव्हरला रस्ता शब्दांत लिहून पाठवा. त्र्यंबकहून येताना पपया नर्सरीपासून अंबड लिंक रोडने पाथर्डी फाट्याकडे आलं की शहरातली गर्दी टळते. आणि महामार्गावर आल्यावर ‘उड्डाणपुलावर चढू नका, खालच्या सर्व्हिस रोडने या’ हे ठळक लिहा. पुलावर एकदा चढलं की हॉटेल खाली डावीकडे दिसतं आणि गाडी पुढे निघून जाते. सिंहस्थाच्या तयारीची रस्त्यांची कामं चालू आहेत, त्यामुळे नकाशा वीस मिनिटं म्हणाला तर चाळीस धरा.

दोन-तीन नावं निवडली की फोन करा, पण वेळ बघून. दुपारी चार ते सहा ही हॉटेलची निवांत वेळ, तेव्हा मालक किंवा कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) नीट बोलतो. रात्री साडेआठला फोन केलात तर ‘या या, होऊन जाईल’ एवढंच उत्तर मिळेल. त्या उत्तराला काही अर्थ नसतो.

फोनवर पहिला प्रश्न जागेचा. टेबलं जोडता येतात का? बऱ्याच हॉटेलांत भिंतीला धरून सोफे असतात आणि टेबलं जमिनीला पक्की असतात. तिथे अठरा जण म्हणजे चार-चारांचे पाच तुकडे, आणि मग ते एकत्र जेवण राहत नाही. सुटी टेबलं असतील तर चार जणांची पाच टेबलं जोडून अठरा जण आरामात बसतात. तरी एक लांबलचक ओळ करण्यापेक्षा नऊ-नऊच्या दोन ओळी शेजारी-शेजारी लावून घ्या. लांब ओळीत टोकाच्या माणसाला मधल्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि भाजीचं भांडं फिरत फिरत रिकामं होऊन पोचतं. दोन ओळी केल्या की एक शाकाहारी आणि एक मिश्र अशीही सोय होते.

दुसरा प्रश्न: त्या रात्री दुसरी कुठली पार्टी आहे का? वाढदिवस, साखरपुडा, निरोप समारंभ, काहीही. हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. वरच्या हॉलमध्ये साठ जणांचा वाढदिवस असेल तर किचन त्यांचं, भट्टी त्यांची, आणि वर डीजे. उत्तर ‘हो’ आलं तर दुसरं हॉटेल बघा.

मग बारीकसारीक: बसायची जागा पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का, कमोड आहे का (गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना याने फार फरक पडतो), मुलांची उंच खुर्ची आहे का. हॉटेलला परमिट रूम जोडलेली असेल तर फॅमिली सेक्शनचं दार वेगळं आहे का, हेही विचारा. काही ठिकाणी वॉशरूमला जायला बारमधूनच वाट असते.

कांदा-लसणाचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका सोपा नाही. बहुतेक हॉटेलांत तीन-चार ग्रेव्ह्या दुपारीच तयार करून ठेवतात: लाल, पिवळी, पांढरी आणि काळ्या मसाल्याची. लाल-पिवळीत कांदा-लसूण असतोच, आणि काजूच्या पांढऱ्या ग्रेव्हीतही बऱ्याचदा उकडलेला कांदा वाटलेला असतो. ऐनवेळी ‘जैन करून द्या’ म्हटलं की गर्दीत एकतर नकार येतो, नाहीतर त्याच ग्रेव्हीत टोमॅटो जास्त टाकून वाटी पुढे येते. म्हणून आदल्या दिवशी सांगा: दोन जणींसाठी टोमॅटो-काजूत वेगळी केलेली एक भाजी, जिऱ्याच्या फोडणीची डाळ, भांडं आणि पळी वेगळी. बटाटा-गाजरही चालत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण किचनमध्ये ‘जैन’ या शब्दाचा अर्थ अनेकदा ‘कांदा-लसूण नको’ एवढाच धरतात.

मटणाचंही आधीच. उपनगरातल्या हॉटेलात मटण दिवसाला ठरावीक शिजतं. हंडी किलोवर सांगता येते, आणि हाडासकट एक किलो मटण पाच-सहा जणांना पुरतं. तुमच्या चार-पाच जणांना एक किलो पुरे. पण दर ऐकून घ्या, कारण ४०० चं बजेट मोडतं ते इथेच. मटणाचा खर्च खाणाऱ्यांनी वेगळा वाटून घेतलेला बरा, किंवा मटणाऐवजी चिकनची हंडी सांगा. आणि शनिवार आहे. एरवी सामिष खाणारे कितीतरी जण शनिवारी खात नाहीत, त्यातून त्र्यंबकेश्वरचं दर्शन करून आलेले. आकडा गृहीत धरू नका, पाहुण्यांनाच विचारा. चतुर्थी-एकादशी किंवा श्रावण असेल तर सगळं पान शाकाहारी ठेवलेलं सोपं जातं.

पदार्थ ठरवताना एक साधा नियम लावा: एका रंगाच्या ग्रेव्हीची एकच भाजी. पनीर बटर मसाला, पनीर टिक्का मसाला आणि व्हेज कोल्हापुरी अशा तीन भाज्या मागवल्या तरी तिघींच्या बुडाशी लाल ग्रेव्हीच असते, वरचा तिखटपणा तेवढा बदलतो. एक पनीर, एक पांढऱ्या ग्रेव्हीतली काजूची (मुलांना चालते), एक सुकी, आणि दोन-तीन आपल्याकडच्या. पुण्याच्या माणसांना पनीर पुण्यातही मिळतं. नाशिकमध्ये खानदेश जवळ, म्हणून शेवभाजी, वांग्याचं भरीत, पातोडीचा रस्सा इथे मनापासून करतात. शेवभाजी मागवताना शेव वेगळी आणायला सांगा. रश्श्यात घातलेली शेव दहा मिनिटांत रस्सा पिऊन फुगते, आणि अठरा जणांत वाटी फिरेपर्यंत तिचा लगदा झालेला असतो. काळ्या मसाल्याचा रस्सा तयारच असतो, तो ‘कमी तिखट’ करता येत नाही. केला तर फक्त पाणी वाढतं. मुलांसाठी साधी डाळ, भात, दही आणि बटर रोटी सरळ वेगळी सांगा.

प्रमाण असं धरा: फुल भाजी एक, अडीच-तीन जणांत. स्टार्टरची प्लेट चौघांत. राईसची फुल प्लेट चार-पाच जणांत, कारण रोटीनंतर भात घासभरच खातात. रोटी-भाकरी मिळून माणशी अडीच. आता हिशेब करून बघा. दर मी उदाहरणादाखल धरतोय, तुमच्या हॉटेलचे त्यात घाला. स्टार्टर ४ प्लेट २२० ने ८८०, मसाला पापड ६, ४० ने २४०, भाज्या ६, २४० ने १,४४०, डाळ २, १७० ने ३४०, रोटी-भाकरी ४५, २५ ने १,१२५, जीरा राईस ४, १५० ने ६००, ताक १६, ३० ने ४८०, पाण्याच्या बाटल्या ८, २० ने १६०. बेरीज ५,२६५. त्यावर ५ टक्के जीएसटी धरून ५,५२८. माणशी ३०७. आइस्क्रीम घेतलं, ६० चं एक, तरी सगळं मिळून ६,६६२ होतं, म्हणजे माणशी ३७०. बजेटमध्ये बसतं. बसत नाही ते ठरवून न गेल्यावर. प्रत्येकजण मेनू कार्ड हातात घेऊन आपापली भाजी सांगतो, सहाच्या जागी अकरा येतात, आणि त्यातल्या चार अर्ध्या परत जातात.

थाळीचा पर्याय वाईट नाही. सगळ्यांना एकदम वाढलं जातं आणि खर्च आधीच कळतो. पण लिमिटेड थाळीत जादा रोटी-भाकरीचे पैसे वेगळे लागतात, ते विचारून घ्या. अनलिमिटेडमध्ये कमी खाणाऱ्या आजीचेही पूर्ण पैसे जातात, आणि मुलांचा अर्धा दर कोणत्या वयापर्यंत हे प्रत्येक हॉटेलचं वेगळं असतं. चार मुलं आणि दोन वृद्ध असलेल्या तुमच्या ग्रुपला अनलिमिटेड परवडणार नाही.

शक्य असेल तर आधीच्या एखाद्या संध्याकाळी दोघांनी जाऊन फक्त दाल तडका, दोन रोट्या आणि एक तळलेलं स्टार्टर मागवा. शिळी डाळ जिभेला आंबूस लागते, फोडणी कितीही लसणाची दिली तरी. स्टार्टरला काळपट रंग आणि खवट वास असेल तर तेल बरेच दिवस बदललेलं नाही. रोटी कडेला कच्ची असेल तर भट्टी नीट तापू न देता काढताहेत. हात धुवायच्या जागेवर एक नजर टाका, किचनचा अंदाज तिथून येतो. इंटरनेटवरचे तारे बघायचेच तर तीन ताऱ्यांचे ताजे अभिप्राय वाचा. पाचवाले खूश असतात, एकवाले चिडलेले. तीनवाला काय चांगलं आणि काय वाईट ते दोन्ही लिहितो. मेनूचे फोटो जुने असतात, म्हणून चालू कार्ड व्हॉट्सॲपवर मागवा.

ठरलं की ५००-१,००० रुपये ॲडव्हान्स द्या आणि मेसेजमध्ये लेखी घ्या, काहीसं असं: ‘शनिवार, रात्री ७.३०, १८ जण, दोन ओळी शेजारी, मेनू वरीलप्रमाणे, २ जैन वेगळं, स्टार्टर बसल्यावर १५ मिनिटांत, दर टॅक्स सोडून, ॲडव्हान्स ५०० मिळाले.’ शनिवारी टेबल पंधरा-वीस मिनिटांपलीकडे धरून ठेवत नाहीत. त्र्यंबकहून गाडी निघाली की हॉटेलला एक फोन टाका, तेव्हाच ते ग्रेव्ही गरम करायला घेतात.

तिथे पोचल्यावर कॅप्टनला सांगा की ऑर्डर एकाच माणसाची घ्यायची. हे न सांगितल्यामुळे एकच भाजी दोन वेटरना दोघांनी सांगितलेली असते आणि दोन्ही येतात. आइस्क्रीम सांगायच्या आधी चालू बिल मागवा आणि रोट्यांचा आकडा, पाण्याच्या बाटल्या, टेबल नंबर एवढं तपासा. चूक झालीच तर याच तीन जागी असते. जोडलेल्या टेबलांवर शेजारच्या टेबलाची ऑर्डर चढणं तर नेहमीचं.

बिलात साध्या हॉटेलला जीएसटी ५ टक्के. मोठ्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के असू शकतो. छोटं हॉटेल कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत) असेल तर ते ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेऊच शकत नाही, बिलावर तसं लिहिलेलं असतं. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा, वाद घालायची गरज पडत नाही. उलट वेटरने खरंच नीट वाढलं असेल तर त्याच्या हातात रोख द्या. कोणी दारू घेणार असेल तर ते बिल वेगळं करून घ्या. त्यावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो, आणि आजोबांसमोर तो कागद फिरायला नको.

पाहुणे मिसळीचा आग्रह धरतील. ती रात्रीच्या बेतात घुसवू नका. नाशिकची मिसळ सकाळची, नावाजलेली बहुतेक ठिकाणं दुपारनंतर बंद होतात, आणि रात्री मिळते ती अनेकदा सकाळचाच कट पुन्हा उकळलेला असतो. रविवारी सकाळी गाडी पुण्याला वळायच्या आधी आठ वाजता न्या. नऊनंतर अठरा जणांना एकत्र जागा मिळणार नाही.